लग्नाचं शूटिंग, घरचं एडिटिंग: बेताचे पैसे आधी कुठे घालावेत?

"कॅमेरा कोणता घेऊ?" लग्नाचं शूटिंग शिकायचं म्हणणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतो. तोवर त्याने बरंच काही बघितलेलं, वाचलेलं असतं. फोर-के, एफपीएस, बिटरेट, कोडेक, प्रॉक्सी अशा शब्दांनी डोकं भणाणून गेलेलं असतं. घरातल्याच कुणाचं तरी लग्न तोंडावर आलेलं असतं आणि हातात पैसे बेताचे असतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. हातात आहे तो फोन राहू दे, पहिले पैसे माइकवर घाल.

हे मी ठेच लागून शिकलो. मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. हॉलच्या मागच्या भिंतीपाशी ट्रायपॉड लावून मी उभा होतो. तिचे वडील अचानक बोलायला उठले, माइक न घेताच. चार-साडेचार मिनिटं बोलले. मी झूम करून त्यांचा चेहरा पकडला होता, डोळ्यांत साठलेलं पाणीसुद्धा दिसत होतं. घरी येऊन फाईल लावली, तर डोक्यावरच्या पंख्याची घरघर, सरकवलेल्या खुर्च्या आणि मागच्या रांगेतल्या दोघांच्या गप्पा. वडिलांचा एक शब्द धड ऐकू येईना. महिनाभराने त्यांच्या घरी व्हिडिओ दाखवला, तेव्हा ते पुढे सरकून बसले, पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "काय बोललो असेन रे मी तेव्हा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून या लेखात आवाजाला जागा जास्त दिली आहे. पण त्याआधी थोडी भाषा समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

व्हिडिओ म्हणजे नेमकं काय?

लहानपणी वहीच्या कोपऱ्यावर एकेक चित्र काढून पानं भराभर सोडली की चित्रातला माणूस चालायला लागायचा. व्हिडिओ म्हणजे तेच. प्रत्येक पान म्हणजे एक फ्रेम, आणि सेकंदाला किती पानं पडतात त्याला म्हणायचं एफपीएस. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही आणि लग्नाच्या कामात २५ किंवा ३० चालतात. ५० किंवा ६० ने काढलं तर ते निम्म्या वेगाने दाखवता येतं, म्हणजे नितळ स्लो मोशन मिळतं. पूर्ण लग्न ६० ने काढण्यात मात्र अर्थ नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि फायली फुगतात.

रिझोल्यूशन म्हणजे प्रत्येक पानावर किती ठिपके आहेत. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. फोर-केचा खरा फायदा टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा एडिटिंगला बसल्यावर जास्त कळतो. शेवटचा व्हिडिओ फुल एचडीत करायचा असेल, तर फोर-के चित्राचा अर्धा भाग कापून मोठा केला तरी ते फुटत नाही. एकाच कॅमेऱ्याने काढलेल्या दृश्यातून लांबचा आणि जवळचा, असे दोन शॉट मिळतात.

आता बिटरेट. दर सेकंदाला चित्राची किती माहिती फाईलमध्ये ओतली जाते, तो हा आकडा. नळाची धार मोठी तर बादली लवकर भरते, तसंच. एक गोष्ट इथे बहुतेकांना चकवते. बिटरेट मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डाची जागा मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटने फोर-के काढलं तर सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट जागा जाते. २० मेगाबिटने फुल एचडी काढलं तर तासाला ९ गिगाबाइट. लग्नाच्या दिवशी एकूण चार तासांचं रेकॉर्डिंग झालं असं धरा: एकीकडे १८० गिगाबाइट, दुसरीकडे ३६. कार्ड, हार्डडिस्क, लॅपटॉपची ताकद, या सगळ्या खर्चाचं मूळ या एका हिशेबात आहे. लॅपटॉप जुना आणि जागा कमी असेल, तर मुख्य रेकॉर्डिंग बेलाशक फुल एचडीत करा. नीट प्रकाशातलं, न हललेलं फुल एचडी बघणाऱ्याला कुठेच कमी वाटत नाही.

कोडेक म्हणजे ही माहिती घडी घालून कमी जागेत बसवण्याची पद्धत. एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये आली आणि आज जवळपास प्रत्येक यंत्र ती उलगडू शकतं. २०१३ मध्ये आलेली एच.२६५ अजून घट्ट घडी घालते, जागा वाचते, पण उलगडायला संगणकाला जास्त मेहनत पडते. जुन्या लॅपटॉपवर एडिटिंग अडखळायला लागतं ते पुष्कळदा या घडीमुळेच. फोनच्या सेटिंगमध्ये दोन्हींपैकी निवड करता येत असेल, तर सुरुवातीला एच.२६४ घ्या.

पहिले पैसे माइकवर का?

चित्र थोडं अंधारं असलं, किंचित हललं, तरी घरचे लोक ते प्रेमाने बघतात. शब्दच कळत नसतील तर दोन मिनिटांत उठून जातात. हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की आता मला त्याबद्दल शंका उरलेली नाही.

याचं कारण अंतरात आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने खाली येते. तोंडापासून वीतभर अंतरावरचा माइक आणि दहा मीटरवरच्या कॅमेऱ्यातला माइक यांत हे दुप्पट होणं पाच-सहा वेळा घडतं. पंखा मात्र दोघांनाही जवळपास सारखाच ऐकू येतो. झूमने चेहरा जवळ आणता येतो, आवाज आणता येत नाही. माझी चूक नेमकी तिथेच झाली.

उपाय फार स्वस्त आहे. कॉलरला लावायचा छोटा माइक, ज्याला लॅव्हेलियर किंवा नुसतं कॉलर माइक म्हणतात, तो वायरवाला घ्यायचा आणि घरात पडून असलेल्या जुन्या फोनला जोडायचा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि नवऱ्या मुलाच्या खिशात ठेवायचा. झाला तुमचा रेकॉर्डर. तो नवऱ्या मुलाचा आवाज तर घेतोच, शेजारी उभ्या असलेल्या नवरीचाही बराचसा घेतो. कापड घासल्याची खसखस येऊ नये म्हणून माइकच्या खाली वायरचा एक छोटा वळसा करून तो चिकटपट्टीने आतून पक्का करा.

भाषणं साउंड सिस्टिमवर होणार असतील, तर ती चालवणाऱ्याला अर्धा तास आधी जाऊन भेटा. त्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेता आला तर उत्तम. ते जमत नसेल तर दुसरा एखादा फोन स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर ठेवून द्या. स्पीकरला चिकटवू नका, आवाज फाटेल.

आवाज फाटणं म्हणजे काय तेही सांगतो, कारण ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंगच्या मापात शून्य डेसिबल हे छप्पर. त्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो, काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेल्या पाण्यासारखा. सांडलेलं परत भरता येत नाही. म्हणून माणूस जोरात बोलला तरी आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे १२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो. आणि एकदा तरी हेडफोन लावून स्वतः ऐका. पडद्यावर काटा हलताना दिसला म्हणजे आवाज चांगला आला, असं होत नाही.

आवाज वेगळा, चित्र वेगळं. मग जुळवायचं कसं?

टाळी वाजवून. सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये आवाजाची रेघ दिसते, त्यात टाळीचा उंच सुळका उठून दिसतो. दोन्हीकडचे सुळके एकाखाली एक आणले की ओठ आणि शब्द जुळले. बरीच सॉफ्टवेअर दोन्ही आवाज ताडून हे आपोआपही करतात, पण त्यासाठी कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू असावा लागतो. तो कितीही वाईट असो, बंद करू नका.

दोन बारकावे आहेत. प्रत्येक यंत्राचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ तासाभराने थोडे सुटू शकतात. शेवटी अजून एक टाळी वाजवली की किती फरक पडला ते कळतं. दुसरं म्हणजे आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २५ एफपीएसला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेवढ्या वेळात आवाज जेमतेम १४ मीटर पोचतो. मागच्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्यात आवाज एक-दोन फ्रेम उशिरा येणारच. जुळवताना एखाद-दुसरी फ्रेम मागेपुढे करावी लागली तर गोंधळू नका.

पण फोनवर लग्न काढलं तर चालतं का?

चालतं. फक्त फोनला त्याच्या मनाने वागू द्यायचं नाही. फोन दर क्षणी प्रकाश आणि फोकस नव्याने ठरवत असतो. कुणी पांढऱ्या कपड्यातलं समोरून गेलं की सगळं चित्र अंधारतं, गेलं की पुन्हा उजळतं. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. रंगाचंही तसंच. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळ्या बल्बचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा आणि दिवसाचा ५६०० च्या आसपासचा. खिडकीजवळ एक आणि आत दुसरा असेल तर फोन दोन्हींमध्ये हेलकावे खातो आणि एकाच शॉटमध्ये चेहरा निळसर-पिवळसर होत राहतो. फुकट मिळणाऱ्या ब्लॅकमॅजिक कॅमेरासारख्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स (म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं), शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो), फ्रेम रेट हे सगळं हाताने पक्कं करता येतं.

चित्रात काळ्या पट्ट्या वर-खाली सरकताना दिसतात, तो दोष कॅमेऱ्याचा नसतो. जिथे वीज ५० हर्ट्‌झची आहे तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्ट्या सहसा जातात. ६० हर्ट्‌झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२०.

डिजिटल झूम करू नका, तो ठिपके ताणतो. दोन पावलं पुढे जा. आणि ट्रायपॉड घ्या. खर्चाच्या यादीत माइकच्या खालोखाल माझ्या मते तोच येतो. एक पायाचा मोनोपॉड अजून बरा, गर्दीत सोपा पडतो आणि दिवसभर उभं राहून खांदा भरून येत नाही.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर जुना घ्या आणि पैसे लेन्सवर घाला. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सचं छिद्र झूम केल्यावर सहसा एफ/५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). ५० एमएमची एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि ती त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. मंद उजेडाच्या हॉलमध्ये हा फरक नवा कॅमेरा घेतल्यासारखा दिसतो. मात्र जुन्या फोटो कॅमेऱ्यांपैकी अनेक २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. विधी ऐन रंगात असताना हे कळलं तर फार वाईट वाटतं. विकत घेण्याआधी विचारा.

लग्नाच्या दिवशी

सिनेमात रीटेक असतो, लग्नात नसतो. त्यामुळे सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती करायची: हे बंद पडलं तर दुसरं काय चालू असेल?

एक फोन किंवा कॅमेरा मागे उंचावर ट्रायपॉडवर लावून, पूर्ण मंच दिसेल असा, सुरू करून सोडून द्या. त्याला हात लावू नका. हा तुमचा विमा. तुम्ही दुसरा कॅमेरा घेऊन फिरा. मधे कुणी आडवं आलं, तुमचा हात हलला, कार्ड बदलावं लागलं, तर एडिटिंगमध्ये तेवढा वेळ मागच्या कॅमेऱ्यावर जाता येतं आणि बघणाऱ्याला काही कळत नाही.

फिरत्या कॅमेऱ्याने प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा. मनात दहा मोजा. नवशिके कॅमेरा पाण्याच्या पाइपासारखा इकडून तिकडे फिरवत राहतात, आणि मग कापायला एकही जागा सापडत नाही. एकाच प्रसंगाचं आधी लांबून, मग मध्यम, मग अगदी जवळून असं घ्या. हात, डोळे, गाठ बांधणारी बोटं, खुर्चीवरून मान उंचावून बघणारी आजी. आजीचा तो शॉट पुढे तुम्हाला तीन ठिकाणी वाचवणार आहे.

ऐन क्षणी कुठे उभं राहायचं ते आदल्या दिवशी ठरवा. हॉल रिकामा असताना, त्याच वेळेला जाऊन बघा: ऊन कुठून येतं, खिडकी कुणाच्या पाठीमागे पडते, प्लग कुठे आहेत. विधी करणाऱ्यांना क्रम विचारून कागदावर लिहून घ्या. फोनवर काढत असाल तर एअरप्लेन मोड विसरू नका. आलेला एक फोन रेकॉर्डिंग थांबवू शकतो.

कार्डावर "व्ही३०" लिहिलेलं असेल तर ते सेकंदाला निदान ३० मेगाबाइट सलग लिहितं. आपल्या हिशेबातल्या १२.५ ला ते भरपूर आहे, त्याहून महाग कार्डाची गरज नाही. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डं घ्या. आणि काहीही झालं तरी त्या दिवशी कार्डावरचं काही खोडू नका, जागा संपली तरी.

घरी आल्यावर: आधी प्रती, मग झोप

कितीही दमला असाल तरी त्याच रात्री कार्ड कॉपी करा. एकेक फाईल न उचलता पूर्ण फोल्डर उचला, कारण काही कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे ४ गिगाबाइटचे तुकडे पाडतात आणि एखादा तुकडा मागे राहतो. नियम ३-२-१ चा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दोन हार्डडिस्क एकाच बॅगेत ठेवल्या तर बॅग हरवल्यावर दोन्ही जातात. एक शेजारच्या घरी ठेवली तरी चालेल. सगळ्या प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

एडिटिंगला महागडं सॉफ्टवेअर लागतं का?

नाही. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंतचं, म्हणजे वर सांगितलेल्या फोर-केपर्यंतचं, काम देते आणि रंग दुरुस्तीत ती सिनेमावाल्यांच्याच पंगतीतली आहे. तिला संगणक मात्र बऱ्यापैकी दमदार लागतो. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात आणि साध्या लॅपटॉपवरही तग धरतात. ॲपलचं यंत्र असेल तर आयमूव्ही आहेच. कोणतंही एक निवडा आणि निदान दोन महिने बदलू नका. हात बसायला तेवढा वेळ लागतोच.

एडिटिंगमध्ये मूळ फाईलला धक्का लागत नाही, हे आधी मनात पक्कं करा. सॉफ्टवेअर फक्त चिठ्ठी लिहितं: या फाईलचं इथून इथपर्यंत दाखव, मग ती दुसरी. म्हणून बिनधास्त कापा, चुकलं तर परत आणा. फक्त मूळ फाइलींचं नाव किंवा जागा मधेच बदलू नका, चिठ्ठीवरचा पत्ताच चुकतो.

काम धान्य पाखडण्यासारखं आहे. पहिल्या फेरीत सगळं बघायचं आणि फक्त फोल काढून टाकायचं: हललेलं, जमिनीचं, चुकून सुरू राहिलेलं. दुसऱ्या फेरीत चांगलं उचलायचं. तिसऱ्या फेरीत आवडलेलंही सोडायचं, ही फेरी सगळ्यांत अवघड. चार तासांतून वीस मिनिटं काढताना खूप काही सुंदर बाजूला राहतं. रचना मी नेहमी आवाजावर करतो. आधी भाषणं, वचनं, हसणं असं ऐकण्यासारखं सगळं क्रमाने मांडतो आणि त्यावर चित्रं ठेवत जातो. डोळे मिटून ऐकलं तरी गोष्ट कळली, तर चित्र बसवणं सोपं असतं.

एक युक्ती लगेच वापरून बघा. वडिलांचा आवाज सुरू करा, पण चित्र दोन-तीन सेकंद आधीच्याच दृश्यावर, समजा तयार होणाऱ्या नवरीवर, राहू द्या. मग वडील दिसू द्या. याला जे-कट म्हणतात. चित्र आणि आवाज एकदम तोडले की ठेच लागते, असे एकमेकांत गुंतवले की एक प्रसंग दुसऱ्यात वाहत जातो. चमचमते ट्रान्झिशन, उडणारी हृदयं, फिरणाऱ्या फ्रेमा यांची गरजच उरत नाही.

लॅपटॉप जुना आहे, सारखा अडकतो

त्यावर प्रॉक्सी हा उपाय आहे. प्रॉक्सी म्हणजे मोठ्या फाईलची छोटी, हलकी नक्कल. एडिटिंग नकलेवर करायचं, शेवटचा व्हिडिओ बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपणच मूळ फाईल वापरतं. वर सांगितलेल्या रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह आणि शॉटकट या तिन्हींत ही सोय आहे. नकला तयार व्हायला वेळ लागतो, तो रात्रभर लावून ठेवा.

फोनच्या फाइलींची एक वेगळी खोड आहे. फोन उजेडाप्रमाणे सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करतो. सुरुवातीला ओठ जुळलेले असतात आणि दहाव्या मिनिटाला सुटतात, माणूस वेडा व्हायची पाळी येते. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून या फायली "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून एकदा काढून घ्या, मग एडिटिंगला घ्या.

पण त्यांना त्यांच्या आवडीचंच गाणं हवंय

इथे पुष्कळ जण फसतात. गाणं विकत घेतलं किंवा ॲपचे पैसे भरले, म्हणजे ते ऐकायचा हक्क मिळाला. व्हिडिओला जोडायचा हक्क वेगळा असतो आणि तो सहसा त्यात नसतो. यूट्यूब २००७ पासून कंटेंट आयडी वापरतं. ही यंत्रणा गाणं आपोआप ओळखते, आणि मग व्हिडिओचा आवाज बंद पडू शकतो किंवा तो दिसेनासा होऊ शकतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं संगीतही मिळतं, पण परवाना नीट वाचा. "बीवाय" म्हणजे नाव द्यायचं. "एनसी" असेल तर पैसे घेऊन केलेल्या कामात ते चालत नाही. "एनडी" असेल तर व्हिडिओला जोडायलाच मनाई, कारण संगीत चित्राला जोडणं म्हणजे त्यात बदल करणं असं तो परवाना धरतो.

माझा अनुभव असा की वचनं, हशा आणि आजूबाजूचे खरे आवाज स्वच्छ असतील, तर संगीत अगदी थोडं पुरतं.

सराव कशावर करायचा?

घरातल्या जुन्या कॅसेटवर. लग्नाचं फुटेज यायची वाट बघायची गरज नाही, आणि कॅसेटला थांबायला वेळ नाही. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होत जाते, ती वाजवणारी यंत्रं त्याहून लवकर जातात. व्हीएचएस संगणकात आणायला व्हीसीआर आणि एक छोटं कॅप्चर यंत्र लागतं. मिनीडीव्ही, म्हणजे हँडीकॅमची छोटी कॅसेट, तिच्यावरची माहिती मुळातच डिजिटल असते, ती फायरवायर केबलने जशीच्या तशी येते, तासाला सुमारे १३ गिगाबाइट. कॅसेट जितक्या तासांची तितके तास लागणारच, घाई करता येत नाही. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती यंत्रात घालू नका. फीत तुटेल आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटला लागेल.

संगणकात आलेल्या चित्रात हललेल्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. जुना टीव्ही एक फ्रेम दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या, त्याची ही खूण. बाहेर काढताना "डीइंटरलेस" केलं की जाते. तासाभराच्या कॅसेटमधून पाच मिनिटांचा तुकडा करून घरच्यांना दाखवा. कुठे ते मोबाईलकडे बघायला लागतात आणि कुठे पुढे सरकून बसतात, ते नीट पाहा. तेवढ्याने जे शिकाल ते कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.

आणि पैसे घेऊन काम कधी घ्यावं?

पहिली दोन-तीन लग्नं दुसऱ्याच्या हाताखाली करा, निदान अशी करा जिथे मुख्य शूटिंगची जबाबदारी अजून कुणावर तरी आहे. एकट्याच्या भरवशावर कुणाचं लग्न घेण्याइतका आत्मविश्वास उपकरणं विकत घेऊन येत नाही. काम घेतलंत की काय देणार, किती मिनिटांचं, किती दिवसांत, किती वेळा बदल करून, आणि मूळ फुटेज किती महिने जपून ठेवणार, हे कागदावर लिहा. व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा तर घरच्यांना विचारा, लहान मुलं दिसत असतील तर त्यांच्या आईवडिलांना वेगळं विचारा.

देताना फाईल एच.२६४ मध्ये, एमपी४ स्वरूपात द्या आणि देण्याआधी पेनड्राइव्ह त्यांच्याच टीव्हीला लावून बघा. मुख्य व्हिडिओबरोबर त्यात एक दुसरी फाईलही असू द्या. तिच्यात संगीत नको, काटछाट नको, कोणताही इफेक्ट नको. फक्त भाषणं आणि वचनं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कॉलर माइकच्या आवाजात. मी हल्ली ती फाईल प्रत्येक घराला देतो आणि तिला बोलणाऱ्याचं नाव देतो, म्हणजे ज्याला हवी त्याला ती लगेच सापडते.